ठाणे-नवी मुंबईत घराची दलाली : किती, कोणाला, कधी आणि कशाबद्दल

ठाण्यात कुठल्याही इस्टेट एजंटच्या ऑफिसात शिरा. नौपाड्यातल्या जुन्या इमारतीतलं असो की घोडबंदरच्या टॉवरखालचा काचेचा गाळा, आकडा एकच ऐकू येतो : "दोन टक्के. सगळीकडे हाच रेट आहे." सांगण्याचा थाट असा, की जणू सरकारी दरपत्रक भिंतीवर लावलंय. प्रत्यक्षात घरविक्रीच्या दलालीचा टक्का ठरवून देणारा कायदाच नाही. रेराने, म्हणजे घरांच्या व्यवहारांवर नियंत्रण ठेवणाऱ्या केंद्रीय कायद्याने, एजंटांची नोंदणी सक्तीची केली, पण त्यांचा मोबदला किती असावा हे सांगितलेलं नाही. आहे तो बाजाराचा रिवाज, आणि रिवाज म्हटला की घासाघीस आलीच.

गंमत अशी की लोक ही घासाघीस भलत्याच जागी करतात. पाव टक्का खाली आणायला अख्खी संध्याकाळ घालवतील. पण हा माणूस आपल्या बाजूचा की समोरच्याच्या, पैसे कोणत्या टप्प्याला द्यायचे, व्यवहार फिसकटला तर काय, आणि या पैशांत तो नेमकं काय करणार, यातलं काहीच विचारणार नाहीत. भांडणं टक्क्यावरून क्वचित होतात. होतात ती या न विचारलेल्या गोष्टींवरून. म्हणून टक्क्याचा विषय लवकर उरकून बाकीच्याकडे वळू.

रिसेल की बिल्डरचं घर, हे आधी

दलालीचं सगळं गणित या एका प्रश्नावर बदलतं.

रिसेल, म्हणजे कोणाच्या तरी मालकीचा फ्लॅट तुम्ही घेताय किंवा तुमचा विकताय. इथे दलाली दोन्ही बाजूंनी जाते. खरेदीदार आपल्या एजंटला देतो, विकणारा आपल्या एजंटला. ठाणे-नवी मुंबईत प्रत्येक बाजूला साधारण १ ते २ टक्के. पहिला आकडा बहुतेक वेळा दोनचा सांगितला जातो आणि जरा बोलणं झालं की दीड किंवा एकवर येतो. घराची किंमत जितकी मोठी, तितका टक्का खाली यायला वाव जास्त, कारण ८० लाखांच्या आणि अडीच कोटींच्या घरासाठी एजंटचे कष्ट काही तिप्पट होत नाहीत.

बिल्डरकडून नवीन घर घेताना चित्र उलटं असतं. एजंटला, म्हणजे हल्ली ज्याला चॅनल पार्टनर किंवा नुसतं 'सीपी' म्हणतात त्याला, बिल्डर पैसे देतो. तुम्ही त्याला एक रुपयाही द्यायचा नसतो. बिल्डरच्या घरावर कोणी तुमच्याकडे दलाली मागत असेल तर तो दोन्हीकडून जेवायला बसलाय.

भाड्याच्या घराचा हिशोब अगदी वेगळा आहे. ११ महिन्यांच्या लीव्ह अँड लायसन्सला मालकाकडून एक महिन्याचं भाडं आणि भाडेकरूकडून एक महिन्याचं, असा इथला रिवाज. तो विषय इथेच सोडतो.

आता रिसेलचं एक उदाहरण आकड्यांत. समजा वर्तकनगरला ९० लाखांचा टू बीएचके ठरला आणि दलाली दोन टक्के. म्हणजे १,८०,००० रुपये. एजंट जीएसटी नोंदणीकृत असेल तर त्यावर १८ टक्के, म्हणजे आणखी ३२,४००. तुमच्या खिशातून गेले २,१२,४००. समोरच्यानेही तेवढेच दिले तर एका फ्लॅटमागे जीएसटी धरून सव्वाचार लाख. हेच एक टक्क्यावर ठरलं असतं तर तुमचा खर्च १,०६,२००. दोन्हींमध्ये स्वयंपाकघराच्या ट्रॉल्या निघतात.

टक्का नेमका कशावर, हेही तेव्हाच विचारून घ्या. तो करारात लिहिलेल्या किमतीवर असायला हवा. मुद्रांक शुल्क, नोंदणी फी, सोसायटीचे पैसे हे त्यात मिळवायचे नसतात. 'टोटल पॅकेज एक कोटी, त्यावर दोन टक्के' असं कोणी म्हणालं तर पॅकेजात काय काय धरलंय ते फोड करून मागा. ठाणे आणि नवी मुंबई महापालिकांच्या हद्दीत मुद्रांक शुल्क ७ टक्के आहे, घर महिलेच्या नावावर असेल तर एक टक्का सवलत. नोंदणी फी १ टक्का, पण जास्तीत जास्त ३०,०००. म्हणजे ९० लाखांच्या घरावर साडेसहा लाखांच्या आसपास रक्कम सरकारजमा होते. या रकमेवर एजंटने दलाली का घ्यावी?

हा एजंट कोणाचा?

हा सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न आणि विचारायला लोक सगळ्यांत जास्त संकोचतात.

एकाच फ्लॅटच्या व्यवहारात बऱ्याचदा दोन एजंट असतात. एकाकडे मालक असतो, आणि बहुतेक वेळा किल्लीही. दुसरा 'पार्टी' घेऊन येतो. प्रत्येकजण आपापल्या बाजूची दलाली घेतो. कधीकधी मध्ये तिसराही असतो, ज्याने नुसता व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फ्लॅटचा मेसेज पुढे पाठवला होता. त्याचा वाटा त्याला आणणाऱ्या एजंटच्या हिश्शातून निघाला पाहिजे. तुमच्या डोक्यावर तो वेगळा येता कामा नये. 'साहेब, मध्ये अजून एक माणूस आहे, त्याचं पण बघा' हे वाक्य ऐकलं की तिथेच थांबवा.

दुसरा प्रकार म्हणजे एकच एजंट दोन्हीकडे. कायद्याने याला सरसकट बंदी नाही आणि सोसायटीतल्या सगळ्यांना ओळखणारा जुना माणूस दोन्ही बाजू नीट सांभाळतोही. पण मग भावाच्या बाबतीत तो तुमचा सल्लागार नाही, हे मनाशी पक्कं धरा. त्याला व्यवहार व्हायला हवाय. दोन लाख कमी-जास्त झाले तर त्याच्या एका बाजूच्या दलालीत फरक पडतो चार हजारांचा. म्हणून 'मालक याच्या खाली येणारच नाही' हे त्याच्या तोंडून ऐकलं तर मालकाशी समोरासमोर बसायची मागणी करा. चांगला एजंट स्वतःच बैठक लावून देतो.

तिसरा प्रकार जास्त बेरकी. मालक एजंटला म्हणतो, "मला ८५ लाख नेट हवेत, वरचे तुझे." एजंट तुम्हाला ९२ सांगतो आणि ९० वर 'तुमच्यासाठी' तोडून देतो. वर तुमच्याकडून दोन टक्के वेगळे. म्हणजे पाच लाख वरचे, आणि १,८०,००० दलालीचे. यात गोम अशी की वरचे पाच लाख कागदावर कसे दाखवायचे हा प्रश्न उभा राहतो आणि मग रोख रकमेची कुजबुज सुरू होते. भारतीय करार कायदा, १८७२ इथे तुमच्या उपयोगाला येतो. एजंटने ज्याचं काम घेतलं त्याच्या नकळत त्याच व्यवहारात स्वतःच्या खात्यावर धंदा केला, तर मिळालेला फायदा काम देणारा मागू शकतो, असं कलम २१६ सांगतं. एजंटने कामात गैरवर्तन केलं तर त्या भागाचा मोबदला त्याला मागता येत नाही, हे कलम २२०. मालकाने स्वतःच 'वरचे तुझे' म्हटलं असेल तर मालकाची तक्रार नाही, पण तुम्ही त्याच एजंटला आपला म्हणून दलाली देत असाल तर त्याने ही गोष्ट तुमच्यापासून लपवणं सरळ विश्वासघात आहे.

भाव खरा आहे का, हे तपासायची सोय घरबसल्या आहे. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्च आहे. जिल्हा, गाव आणि सर्व्हे किंवा मिळकत क्रमांक टाकला की त्या मिळकतीवर नोंदलेले दस्त दिसतात आणि 'इंडेक्स टू'वर, म्हणजे नोंदलेल्या दस्ताच्या सारांशावर, मोबदल्याची रक्कम छापलेली असते. नवी मुंबईत सेक्टर आणि प्लॉट नंबर हाताशी ठेवा. त्याच इमारतीतले वर्ष-दीड वर्षातले दोन-तीन व्यवहार सापडले की 'इथे २० हजार फूट चाललंय' या वाक्याचं वजन कळतं. शोधाचं पान कधीकधी लटकतं, कॅप्चा चुकतो, गावाचं नाव वेगळ्या वळणाने लिहिलेलं असतं. चिकाटी ठेवा. एवढ्या तासाभराच्या कामात दलालीपेक्षा कितीतरी जास्त पैसे वाचलेले लोक आहेत.

बिल्डरच्या ऑफिसात शिरण्याआधी

नवीन प्रोजेक्टमध्ये सीपीला बिल्डर किती देतो? प्रोजेक्ट, त्याचा टप्पा आणि सीपीने महिन्यात किती फ्लॅट विकले त्यावर ते ठरतं. दोन-तीन टक्के सर्रास. लाँचच्या वेळी किंवा माल पडून असेल तेव्हा त्याहून जास्त. हे पैसे बिल्डर देतो म्हणजे तुमचे नाहीत, असं समजू नका. शेवटी ते किमतीतूनच निघतात. म्हणून तुम्ही थेट साइटवर गेलात आणि कोणी सीपी मध्ये नसेल, तर तेवढी सूट मागायचा तुम्हाला हक्क नसला तरी कारण नक्कीच आहे.

इथे 'टॅगिंग' हा प्रकार कळायला हवा. सेल्स ऑफिसात पोचलात की पहिलं काम म्हणजे टॅबवर तुमचा मोबाइल नंबर भरून घेतात. त्याच फॉर्मवर 'सोर्स' असा रकाना असतो : डायरेक्ट, रेफरन्स किंवा चॅनल पार्टनर. एखाद्या सीपीने तुमचा नंबर आधीच टाकून ठेवला असेल तर ठरावीक दिवसांसाठी तुम्ही त्याचे गिऱ्हाईक झालात. मग तुम्ही एकटे गेलात, स्वतः घर निवडलंत, तरी कमिशन त्याचंच. प्रॉपर्टीच्या वेबसाइटवर एकदा चौकशी केली आणि दिवसभर फोन का वाजत राहतो, त्याचं उत्तर यात आहे. तुमचा नंबर आपल्या नावावर टॅग व्हावा यासाठी धावाधाव चाललेली असते. तेव्हा आधी ठरवा, एजंट हवा की थेट जायचं. थेट जायचं असेल तर कोणालाही नंबर देण्याआधी साइटवर जा आणि त्या रकान्यात काय भरलं ते स्वतः वाचा.

सीपी वाईट असं मुळीच नाही. कासारवडवलीपासून कोलशेतपर्यंत दहा प्रोजेक्ट एका दिवसात दाखवणं, कुठल्या बिल्डरचा ताबा रखडलाय हे आडपडदा न ठेवता सांगणं, हे काम चांगला सीपीच करतो. मात्र त्याला सगळ्या बिल्डरांकडून सारखे पैसे मिळत नाहीत. ज्या प्रोजेक्टकडे तो तुम्हाला पुन्हा पुन्हा वळवतोय, तिथे त्याला किती मिळतंय, हे सरळ विचारा. उत्तर टाळलं तर तेही उत्तरच.

'पासबॅक' म्हणजे सीपी आपल्या कमिशनातला काही भाग तुम्हाला परत देतो म्हणतो. हे ऐकायला गोड, पण असतं बहुतेक तोंडी. बिल्डरकडून सीपीला पैसे यायला महिने लागतात आणि तोवर तो फोन उचलेलच असं नाही. तुम्हाला सूट हवी असेल तर ती बिल्डरच्या कॉस्ट शीटवर, करारातल्या किमतीत उतरवून घ्या. म्हणजे मुद्रांक शुल्कही त्या कमी किमतीवर लागेल. अर्थात रेडी रेकनरचा, म्हणजे सरकारने त्या भागासाठी ठरवलेला, दर त्याहून जास्त असेल तर शुल्क रेडी रेकनरवर, हे लक्षात ठेवा.

रेरा नंबर मागा, आणि तो कुठे चालतो तेही समजून घ्या

रेरा कायदा २०१६चा आणि महाराष्ट्रात महारेरा, म्हणजे त्याचं राज्यातलं प्राधिकरण, सुरू झालं मे २०१७ पासून. कायद्याच्या कलम ९ प्रमाणे नोंदणीकृत प्रकल्पातली घरं विकून देणाऱ्या एजंटने नोंदणी केलीच पाहिजे. एजंटचा नंबर 'ए' या अक्षराने सुरू होतो. महारेराच्या संकेतस्थळावर नाव टाकून तो खरा आहे का आणि मुदत संपली नाही ना, हे दोन मिनिटांत कळतं. नोंदणी पाच वर्षांची असते. आता एजंटांना प्रशिक्षण घेऊन परीक्षाही द्यावी लागते आणि सक्षमता प्रमाणपत्राशिवाय नोंदणी किंवा नूतनीकरण होत नाही. प्रकल्पाच्या पानावर बिल्डरने आपल्या एजंटांची नावं द्यायची असतात. तुमचा एजंट त्या यादीत आहे का पाहा. नोंदणीशिवाय धंदा करणाऱ्याला दिवसाला १०,००० रुपये, एकूण घराच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो.

आता लोकांना माहीत नसलेली गोष्ट. रेराची ही चौकट नोंदणीकृत प्रकल्पांसाठी आहे. पाचपाखाडीतल्या १९८९च्या सोसायटीतला फ्लॅट, वाशी सेक्टर १७ मधलं जुनं घर, असे रिसेलचे व्यवहार साधारणपणे तिच्या बाहेर राहतात. अशा व्यवहारात एजंटने फसवलं तर 'महारेरात जातो' या धमकीचा उपयोग होत नाही. तरीही नोंदणी असलेला एजंट निवडावा असं माझं मत. कारण निदान पत्ता, पॅन आणि पूर्ण नाव कुठेतरी नोंदलेलं असतं. आणि गाळा बंद करून कल्याणला पळाला तरी माणूस सापडतो.

पहिलं घर दाखवण्याआधीचा मेसेज

लेखी करार केला तर उत्तम. पण आपल्याकडे घर दाखवणाऱ्याला स्टँपपेपर दिला की तो बिचकतो. व्हॉट्सअ‍ॅप पुरेसा आहे, फक्त त्याचं उत्तर 'ओके' असं आलं पाहिजे. तुम्हाला जमेल तसा बदल करून असा मेसेज पाठवा :

"नमस्कार दादा. कोपरखैरणे-घणसोली भागात रिसेल वन बीएचके पाहायचं ठरलं. तुम्ही आमच्या म्हणजे खरेदीदाराच्या बाजूने काम कराल. दलाली करारातल्या किमतीच्या १ टक्का, जीएसटी नोंदणी असेल तर जीएसटी वेगळा, बिल आणि चेक किंवा ऑनलाइन. निम्मी करार नोंदवल्यावर, निम्मी ताबा मिळाल्यावर. करार नोंदवला गेला नाही तर दलाली नाही. तुमची विकणाऱ्याकडूनही दलाली ठरली असेल तर आधी सांगाल. पटत असेल तर ओके लिहा."

शेवटून दुसऱ्या वाक्याला सगळ्यात जास्त कुरकुर होते. होऊ द्या. ज्याला सांगायला काही अडचण नाही तो म्हणतो, "हो, मालकाकडून एक घेतोय," आणि पुढे चालू लागतो.

तुम्ही विकणारे असाल तर मेसेजात आणखी एक गोष्ट घाला : किल्ली किती जणांना दिली आहे आणि किती दिवसांसाठी. काही एजंट 'एक्सक्लुझिव्ह' मागतात, म्हणजे ठरावीक मुदतीत घर दुसऱ्या कोणामार्फत विकायचं नाही. मुदत दोन-तीन महिन्यांची असेल, त्याने जाहिरातीचा खर्च उचलायचं कबूल केलं असेल आणि तुम्ही स्वतः शोधलेल्या नातेवाइकाला घर विकलं तर दलाली नाही, असं लिहिलेलं असेल तर हरकत नाही. एरवी तीन-चार एजंटांना सांगून ठेवणं बरं. फक्त दहा जणांना सांगू नका. सगळ्या ग्रुपवर एकच फ्लॅट वेगवेगळ्या भावात फिरायला लागला की गिऱ्हाइकाला वाटतं मालक अडचणीत आहे.

दोन टक्क्यांत काय काय यायला हवं

नुसतं कुलूप उघडून घर दाखवणं आणि 'व्हेंटिलेशन बघा' म्हणणं, यासाठी दोन टक्के देऊ नयेत. माझा हिशोब साधा आहे : घर दाखवून भाव जुळवून दिला तर एक टक्का, कागदपत्रांच्या शेवटापर्यंत सोबत राहिला तर दीड ते दोन.

शेवटापर्यंत म्हणजे काय? मालकाकडून आधीच्या सगळ्या करारांची साखळी आणि प्रत्येकाचा इंडेक्स टू मिळवून देणं. शेअर सर्टिफिकेट, मालमत्ता कराची आणि वीजबिलाची ताजी पावती, सोसायटीचं ना हरकत पत्र आणि 'नो ड्यूज', म्हणजे काही थकबाकी नसल्याचं पत्र. मालकाचं कर्ज असेल तर बँकेचं फोरक्लोजर पत्र, म्हणजे कर्ज मिटवायला किती भरायचे ते सांगणारं. इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र (ओसी) आहे का, हे महापालिकेच्या कागदावर दाखवणं. ठाण्यात ओसी नसलेल्या इमारती काही कमी नाहीत आणि तिथे बँक कर्जाला नाक मुरडते. नवी मुंबईत त्यात सिडकोची, म्हणजे हे शहर वसवणाऱ्या सरकारी महामंडळाची, भर. तिथली बरीच जमीन सिडकोने भाडेपट्ट्याने दिलेली, त्यामुळे हस्तांतरणाची परवानगी आणि शुल्क हा वेगळा टप्पा येतो, विशेषतः सिडकोने बांधलेल्या घरांत. हे शुल्क कोण भरणार, विकणारा की घेणारा, हे टोकनच्या, म्हणजे बयाण्याच्या, आधी ठरवा. आणि 'सिडकोचं मी बघतो, एवढे द्या' असं ठोक बोलणं झालं की सिडकोच्या पावतीप्रमाणेच पैसे देईन, असं सांगा.

सोसायटीच्या ट्रान्सफरचंही तसंच. महापालिका क्षेत्रात ट्रान्सफर प्रीमियम जास्तीत जास्त २५,००० रुपये, वर ५०० रुपये हस्तांतरण फी आणि १०० रुपये प्रवेश फी. त्याच्या वर 'डोनेशन' म्हणून लाख-दीड लाख मागितले जातात आणि एजंट तेच बाजाराचा नियम म्हणून तुम्हाला ऐकवतो. तो नियम नाही.

एजंटला आणखी कुठून पैसे मिळतात, हेही ठाऊक असू द्या. तुमचं गृहकर्ज त्याच्या ओळखीच्या माणसामार्फत झालं तर बँकेच्या एजन्सीकडून त्याला वाटा मिळतो. इंटिरियरवाला, रजिस्ट्रेशनवाला, सामान हलवणारा यांच्याकडूनही. यात गैर काही नाही, पण कर्जाचा व्याजदर स्वतः दोन बँकांत जाऊन विचारून या. आणि दलाली घासताना हा मुद्दा हाताशी असतोच.

टोकन एजंटच्या हातात नको

भाव ठरला की 'आजच टोकन द्या, दुसरी पार्टी उभी आहे' सुरू होतं. दुसरी पार्टी कधी असते, कधी नसते. टोकन द्यायचं तर मालकाच्याच खात्यात, चेकने किंवा ऑनलाइन. एजंटच्या खात्यात नाही, 'माझ्याकडे ठेवा, मी पोचवतो' नाही. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २०,००० किंवा त्याहून जास्त आगाऊ रक्कम रोखीने घ्यायला आयकर कायद्याची मनाई आहे आणि घेणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा दंड बसू शकतो.

टोकनच्या पावतीवर फ्लॅट नंबर, ठरलेली एकूण किंमत, करार कधीपर्यंत करायचा आणि कागदपत्रांत दोष निघाला किंवा बँकेने त्या इमारतीला कर्ज नाकारलं तर टोकन पूर्ण परत, हे लिहून मालकाची सही घ्या. सगळे मालक असतील त्यांची. घर नवरा-बायकोच्या नावावर आणि सही एकट्या नवऱ्याची, असं फार वेळा होतं.

बिल्डरच्या घरात करार नोंदवण्याआधी किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही, हे रेराचं कलम १३.

पैसे कधी द्यायचे

इथला रिवाज असा की दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात अंगठे-फोटो झाले, तुम्ही दाराबाहेर आलात की एजंट दलालीचं नाव काढतो. त्याच्या दृष्टीने काम झालं. करार कायद्याचं कलम २१९ म्हणतं, वेगळं काही ठरलं नसेल तर काम पुरं झाल्याशिवाय मोबदला देय होत नाही. पण 'काम पुरं' म्हणजे नोंदणी की ताबा, यावर वाद व्हायला नको म्हणूनच तो मेसेज.

खरेदीदाराने निम्मी नोंदणीला, निम्मी किल्ली हातात आल्यावर द्यावी. रिसेलमध्ये नोंदणी आणि ताबा यांच्यामध्ये बँकेचं कर्जवाटप, मालकाच्या कर्जाची परतफेड, सोसायटीचं पत्र, नवी मुंबईत सिडको, अशी रांग असते. यात काहीतरी अडतंच आणि तेव्हा एजंटचे फोन तुमच्यासाठी चालू राहायला हवेत. विकणाऱ्याने सगळी दलाली शेवटचा हप्ता खात्यात आल्यावर द्यावी. टोकनवर कोणी मागितली तर देऊ नये.

आगाऊ 'साइट व्हिजिट चार्जेस' किंवा 'नोंदणी फी' मागणाऱ्याला तिथूनच नमस्कार करा.

बिल घ्या, कराच्या वेळी उपयोगी पडतं

दलाली रोखीने दिली तर पाच-दहा हजार कमी होतील असं सांगतील. विकणाऱ्याचा त्यात तोटाच आहे. घर विकताना दिलेली दलाली भांडवली नफ्याच्या हिशोबात विक्री किमतीतून वजा करता येते. ९० हजारांची दलाली बिलासकट असेल तर तेवढ्या नफ्यावरचा कर वाचतो. बिल नसेल तर दाखवायचं काय? खरेदीदारानेही बिल घराच्या फाइलीत ठेवावं. उद्या घर विकताना खरेदीच्या खर्चात ते मांडता येतं.

बिलावर एजंटचं नाव, पॅन, फ्लॅटचा पत्ता, टक्का आणि रक्कम हवी. जीएसटी लावला असेल तर जीएसटी नंबर छापलेला हवा. वर्षाला २० लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या एजंटाला जीएसटी नोंदणी सक्तीची नाही, आणि नोंदणी नसेल तर तो जीएसटी मागूच शकत नाही. साध्या कागदावर '१८ टक्के जीएसटी' लिहून मागणारे महाभाग आहेत. नंबर जीएसटीच्या संकेतस्थळावर टाकून पाहायला मिनिटही लागत नाही. एका व्यवहारात दोन लाख किंवा जास्त रोख स्वीकारायलाही कायद्याने मनाई आहे, तेव्हा 'सगळी कॅश चालेल' म्हणणारा एजंट स्वतःचीच अडचण करतोय.

घराच्या किमतीवरचा टीडीएस मात्र विसरू नका : किंमत ५० लाख किंवा अधिक असेल तर खरेदीदाराने १ टक्का कापून भरायचा. याचा दलालीशी संबंध नाही, पण एजंट 'ते सीए बघेल' म्हणतो आणि राहून जातं.

एजंटला डावलून, आणि भांडण झालं तर

एजंटने घर दाखवलं, नंतर मालकाचा नंबर मिळाला आणि दोघांनी परस्पर व्यवहार उरकला. ठाण्यातल्या सोसायट्यांत हे रोज घडतं. करू नका. ज्याच्यामुळे दोन पक्ष भेटले आणि ज्याच्या प्रयत्नातून व्यवहार झाला, त्याचा मोबदल्यावर दावा उभा राहतो आणि त्याच्याकडे साइट व्हिजिटचे मेसेज असतात. शिवाय सोसायटीच्या सेक्रेटरीशी त्याची तुमच्यापेक्षा जुनी ओळख असते. उलट, ज्या एजंटने आठ महिन्यांपूर्वी फक्त एक फोटो पाठवला होता आणि घर तुम्हाला दुसऱ्याने दाखवून व्यवहार केला, त्याला काही देणं लागत नाही, तो कितीही फोन करो.

वाद मिटत नसेल तर रस्ता प्रकरणावर अवलंबून. नोंदणीकृत प्रकल्पातला एजंट असेल तर महारेराकडे ऑनलाइन तक्रार होते, शुल्क ५,००० रुपये. रिसेलमध्ये दलाली घेऊन काम केलं नाही, माहिती लपवली, तर सेवेतली त्रुटी म्हणून जिल्हा ग्राहक आयोग. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे तुम्ही जिथे राहता तिथल्या आयोगात तक्रार करता येते आणि ती घटनेपासून दोन वर्षांच्या आत करायची असते. नवी मुंबईकरांनी जिल्हा तपासून घ्यावा : वाशी, नेरूळ, बेलापूर, ऐरोली ठाणे जिल्ह्यात येतात, तर खारघर, कामोठे, उलवे, पनवेल रायगडमध्ये, म्हणजे त्यांचा आयोग अलिबागला. तक्रार ऑनलाइन दाखल करता येते, तेव्हा पहिल्याच दिवशी अलिबाग गाठायची गरज नाही. सोबत जोडायचं ते बिल, बँकेच्या खात्याची नोंद आणि ज्याला 'ओके' असं उत्तर आलं होतं तो मेसेज, तारीख दिसेल असा स्क्रीनशॉट काढून.